घटक ६ : शंकरराव चव्हाण – जीवन आणि कारकीर्द

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• शंकरराव चव्हाण यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील;
• त्यांच्या वकिली वृत्तीचा त्यांच्या राजकीय निर्णयांशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• गोदावरी पाणीवाटपाचा १९७५ चा करार आणि त्याचे मराठवाड्यावरील परिणाम विशद करता येतील;
• राजकीय व्यक्तीचे चरित्र वाचताना गुण आणि मर्यादा यांचा एकत्र विचार करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राजकीय नेत्याचे चरित्र वाचताना वाचकापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण पदांच्या यादीची. कोणत्या साली कोणते खाते मिळाले याची नोंद वाचून माणूस कळत नाही. दुसरी अडचण गौरवाची किंवा निंदेची. जयंतीच्या दिवशी लिहिलेल्या लेखात दोष सापडत नाहीत आणि निवडणुकीच्या काळात लिहिलेल्या लेखात गुण सापडत नाहीत. चरित्राच्या अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून एक प्रश्न विचारावयाचा असतो : या माणसाच्या निर्णयांमागे कोणती स्थिर वृत्ती होती, आणि ती त्याला कोठपर्यंत घेऊन गेली?

या घटकात आपण शंकरराव भाऊराव चव्हाण (१९२०–२००४) यांच्या जीवनाचा या दृष्टीने विचार करणार आहोत. ते शिक्षणाने वकील होते. प्रत्यक्ष वकिली त्यांनी फार थोडा काळ केली. परंतु नियम, हिशेब आणि लेखी दस्तऐवज यांवर विश्वास ठेवण्याची वकिलाची वृत्ती त्यांच्यात अखेरपर्यंत राहिली. या वृत्तीने मराठवाड्याला बरेच काही दिले. काही प्रसंगी मात्र ती अपुरी पडली. या दोन्ही बाजू समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ घडण : पैठण ते हैदराबाद

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदावरीकाठच्या पैठण येथे झाला. त्या वेळी पैठण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आज ज्याला आपण मराठवाडा म्हणतो तो सारा प्रदेश त्याच संस्थानाचा भाग होता. आपल्यापैकी जे निलंगा, उदगीर किंवा अहमदपूर तालुक्यांत राहतात त्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे तीन तालुके त्या काळी बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात आले. आपल्या आजोबांच्या पिढीने एकाच गावात राहून अनेक वेळा राज्य आणि जिल्हा बदललेला पाहिला आहे.

संस्थानात प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड होती. कारभाराची आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. शंकररावांनी मद्रास विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविली आणि उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. घरात एक भाषा, न्यायालयात दुसरी आणि विद्यापीठीय शिक्षणात तिसरी अशा वातावरणात ही पिढी वाढली. अशा वातावरणात वकील हा केवळ अशिलाची बाजू मांडणारा व्यावसायिक राहत नाही. सरकारी कागदात काय लिहिले आहे हे सामान्य माणसाला समजावून सांगणारा तो दुभाषीही ठरतो. संस्थानातील लोकचळवळीच्या नेतृत्वात वकिलांची संख्या लक्षणीय होती, त्यामागे हे एक कारण होते.

१९४५ च्या सुमारास शंकररावांनी वकिली सुरू केली. संस्थानात स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. ती १९४६ मध्ये उठली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली संस्थान भारतात विलीन करण्याचा लढा तीव्र झाला. स्वामीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन शंकररावांनी वकिली सोडली आणि ते या लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर शंकरराव पुन्हा न्यायालयाकडे वळले नाहीत.

६.३.२ नगरपालिका ते मंत्रिमंडळ

त्यांच्या सार्वजनिक कार्याचे केंद्र नांदेड झाले. १९५२ ते १९५६ या काळात ते नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात शंकरराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. धर्माबाद आणि पुढे भोकर या मतदारसंघांतून ते विधानसभेवर निवडून गेले. धर्माबाद हे अगदी सीमेवरचे गाव. पुनर्रचनेत मुधोळ आणि भैंसा हा शेजारचा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. धर्माबाद नांदेड जिल्ह्यात राहिले. नकाशावरील एका रेषेने माणसांचे आणि पाण्याचे हक्क कसे बदलतात हे या लोकप्रतिनिधीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि शंकररावांकडे पाटबंधारे व वीज हे खाते आले. हे खाते त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम या खात्याशी निगडित आहे.

६.३.३ गोदावरीचे पाणी

जायकवाडी प्रकल्पाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मूळ योजनेत हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ होणार होते. पुढे जागा बदलून ती नदीच्या वरच्या बाजूस पैठणला निश्चित झाली. जागा बदलली तरी नाव राहिले. भाषेच्या अभ्यासकाला हा नमुना परिचित असतो : नाव ज्या कारणाने पडले ते कारण संपते आणि नाव मात्र चालत राहते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उद्घाटनाच्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते आणि धरण त्यांच्या जन्मगावी होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. त्याच्या पाण्याखाली सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर जमीन गेली. कालव्यांच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला पाणी मिळाले ते दुसऱ्या शेतकऱ्याने घर आणि शेत सोडल्यामुळे, ही या प्रकल्पाची दुसरी बाजू अभ्यासकाने विसरू नये.

धरण बांधणे हे अभियंत्यांचे काम असते. त्या धरणात येणारे पाणी कोणाचे, हे ठरविणे कायद्याचे काम असते. गोदावरी महाराष्ट्रात उगम पावते आणि पुढे आंध्र प्रदेशातून समुद्राला मिळते; तिच्या उपनद्या इतर राज्यांतूनही वाहतात. या राज्यांतील वाद सोडविण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. लवादाचे काम वर्षानुवर्षे चालले. दरम्यान संबंधित राज्यांनी आपसांत करार करण्याचा मार्ग स्वीकारला.

६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्यातील दोन तरतुदी आपण समजून घेऊ. पहिली : गोदावरीवर पैठण धरणाच्या जागेपर्यंत आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणाच्या जागेपर्यंत जे पाणी उपलब्ध होईल ते सर्व महाराष्ट्राने वापरावे. दुसरी : या दोन जागांच्या खाली पोचमपाड धरणापर्यंतच्या भागात महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरावे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. मांजरा खोऱ्यातील निजामसागरच्या वरच्या पाण्याचीही स्वतंत्र विभागणी झाली. तेरणा ही मांजरेची उपनदी असल्यामुळे निलंगा परिसरातील पाण्याचा हिशेबही याच विभागणीत येतो. ७ जुलै १९८० रोजी लवादाने अंतिम निवाडा दिला तेव्हा राज्याराज्यांतील हे करार त्यात समाविष्ट झाले.

या कराराचे महत्त्व पुढील एका उदाहरणावरून दिसते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे गोदावरीवर बंधारा बांधण्यास आंध्र प्रदेशाने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात न्यायालयाने बंधाऱ्यास मान्यता दिली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावेत अशी अट घातली. महाराष्ट्राची बाजू ज्या ६० टीएमसीच्या तरतुदीवर उभी होती ती या करारातील होती. त्या वेळी शंकरराव हयात नव्हते. कराराचा कागद मात्र उपयोगी पडला. नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला शंकरसागर हे नाव देण्यात आले आहे, त्यामागे पाण्याच्या कामाची हीच कृतज्ञता आहे.

कराराची मर्यादाही पाहिली पाहिजे. पैठणच्या वरचे सर्व पाणी महाराष्ट्राचे, असे करार सांगतो. महाराष्ट्रात ते कोणी किती घ्यावे, याविषयी तो काही सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नव्हते, कारण तो दोन राज्यांमधील करार होता. नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांत वरच्या भागात धरणे होत गेली आणि पावसाचे प्रमाण कमी असलेल्या वर्षी जायकवाडी रिकामे राहू लागले. समन्यायी पाणीवाटपाची तरतूद राज्याच्या कायद्यात २००५ साली आली. दस्तऐवज ज्याबद्दल बोलतो त्याचे रक्षण करतो. ज्याबद्दल तो मौन पाळतो तेथे नवा वाद सुरू होतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) जायकवाडी धरणाची मूळ नियोजित जागा ............ जिल्ह्यात होती.
(आ) गोदावरी पाणीवाटपाचा महाराष्ट्र–आंध्र करार ............ रोजी झाला.
(इ) निलंगा तालुका १९५६ पूर्वी ............ जिल्ह्यात होता.

६.३.४ मुख्यमंत्रिपद आणि आणीबाणी

१९७४ मध्ये मराठवाड्यात विकासाच्या प्रश्नावर मोठे आंदोलन झाले. फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईक यांच्यानंतर शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला हे पद प्रथमच मिळाले. कार्यालयीन शिस्त, वेळेवर हजेरी, धारिकेवर स्पष्ट शेरा यांविषयीच्या आग्रहामुळे त्यांना हेडमास्तर हे नाव पडले. या नावात आदरही होता आणि नाराजीही होती.

त्यांच्या काळात १९७५ मध्ये राज्याच्या मुख्य प्रशासकीय इमारतीचे सचिवालय हे नाव बदलून मंत्रालय करण्यात आले. मराठीच्या विद्यार्थ्यांनी या बदलाकडे बारकाईने पाहावे. सचिवालय म्हणजे सचिवांचे घर, मंत्रालय म्हणजे मंत्र्यांचे घर. सचिव नियुक्त असतो, मंत्री लोकांनी निवडलेला असतो. एका सामासिक शब्दातील पहिले पद बदलून सत्तेचा उगम कोठे आहे हे सांगितले गेले. हिंदीत मंत्रालय म्हणजे एखादे खाते. महाराष्ट्रात मंत्रालय म्हणजे मुंबईतील ती इमारत. एका प्रशासकीय निर्णयाने शब्दाला प्रादेशिक अर्थ प्राप्त झाला.

लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचे श्रेष्ठत्व या नावाने अधोरेखित केले, परंतु त्याच वर्षी लोकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. २५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी घोषित झाली. विरोधी पक्षांचे कार्यकर्ते विनाचौकशी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. महाराष्ट्रात हा कारभार शंकररावांच्या सरकारने राबविला. जमीनधारणेची मर्यादा खाली आणणारा सुधारित कायदा २ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आला, हे याच काळातील काम आहे. सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केले, हेही याच काळात घडले. या विधेयकाला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही, त्यामुळे ते कायदा बनले नाही.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. विधेयक मांडणे, चर्चा करणे, संमत करणे या सर्व पायऱ्या नियमानुसार पार पडल्या होत्या. तरीही माणसाच्या शरीरावर राज्यसंस्थेला असा अधिकार असावा काय, हा प्रश्न त्या नियमांच्या पलीकडचा होता. निजामाच्या राजवटीत नागरी हक्कांसाठी वकिली सोडणाऱ्या माणसाच्या सरकारने हे विधेयक आणावे, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड विसंगती आहे. कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे या प्रसंगातून कळते. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला आणि मे महिन्यात शंकररावांनी पद सोडले.

६.३.५ पदे आणि हिशेब

पुढील काळ राजकीय अस्थिरतेचा होता. शंकररावांनी काही काळ स्वतंत्र पक्ष काढला. १९७८ मध्ये वयाने आणि अनुभवाने लहान असलेल्या शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. माजी मुख्यमंत्र्याने असे पद स्वीकारावे, याकडे काहींनी तडजोड म्हणून पाहिले, काहींनी निर्ममता म्हणून. १९८० मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण आणि गृह ही केंद्रीय खाती त्यांच्याकडे आली. ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही होते. १९८५ चे पंजाब आणि आसाम करार झाले तेव्हा ते गृहमंत्री होते.

मार्च १९८६ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्यानंतर शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातील एका मुख्यमंत्र्याकडून मराठवाड्यातीलच दुसऱ्याकडे सूत्रे जाण्याचा हा प्रसंग होता. या कारकिर्दीत त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत राज्यात आणली. नेहमीच्या पद्धतीत मागील वर्षीचा खर्च पाया मानून त्यात वाढ केली जाते. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक योजनेची आवश्यकता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते. अमेरिकेत उद्योगक्षेत्रात ही कल्पना आकाराला आली. जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना ती शासनात वापरली होती. चालू योजनेनेही दरवर्षी आपला पुरावा सादर करावा, ही मागणी वकिलाच्या वृत्तीशी जुळणारी होती. पुराव्याच्या कसोटीवर योजना बंद होतात, पदे कमी होतात, म्हणून ही पद्धत प्रशासनात आणि राजकारणात लोकप्रिय होणे कठीण असते. तसेच झाले. जून १९८८ मध्ये ते केंद्रात अर्थमंत्री म्हणून गेले आणि १९८९–९० चा केंद्रीय अर्थसंकल्प त्यांनी मांडला.

६.३.६ दिल्ली : ६ डिसेंबर १९९२

जून १९९१ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शंकरराव पुन्हा गृहमंत्री झाले. दोघेही कायद्याचे पदवीधर, दोघेही हैदराबाद संस्थानातील लढ्यातून आलेले आणि दोघेही स्वामी रामानंद तीर्थ यांना मानणारे होते. एका लहानशा चळवळीतील दोन कार्यकर्ते देशाच्या सर्वोच्च पदांवर एकत्र आले होते.

याच काळात अयोध्येचा प्रश्न पेटला. बाबरी मशिदीच्या रक्षणाची हमी उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे दिली होती. राज्यपालांचे मत राष्ट्रपती राजवटीच्या विरुद्ध होते. गृहसचिव माधव गोडबोले यांच्या खात्याने वास्तू ताब्यात घेण्याची पर्यायी योजना तयार केली होती. तिचा अवलंब झाला नाही. केंद्रीय दले अयोध्येच्या जवळ पाठविण्यात आली, परंतु त्यांचा वापर राज्य सरकारच्या आदेशावर अवलंबून होता. ६ डिसेंबर १९९२ रोजी मशीद पाडली गेली. देशभर दंगली उसळल्या, मुंबईसह अनेक ठिकाणी शेकडो माणसे मारली गेली.

अंतिम निर्णय पंतप्रधानांचा आणि मंत्रिमंडळाचा होता. एकट्या गृहमंत्र्यावर दोष ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि अंतर्गत सुरक्षेची जबाबदारी त्यांच्या खात्याची होती आणि त्यांच्यावर झालेली टीका निराधार म्हणता येत नाही. केंद्राने राज्यघटनेची चौकट पाळली, न्यायालयापुढील हमीवर विश्वास ठेवला. हमी देणाऱ्याने ती पाळली नाही, तेव्हा कागदाजवळ स्वतःचे रक्षण करण्याची शक्ती नव्हती. १९७५ चा पाणीकरार टिकला, कारण त्यामागे लवाद, न्यायालय आणि दोन्ही राज्यांची संमती उभी होती. १९९२ ची हमी टिकली नाही, कारण ती मोडणाऱ्याला रोखणारे कोणी वेळेवर पुढे आले नाही. या दोन प्रसंगांची तुलना आपण आवर्जून करावी.

मे १९९६ पर्यंत ते गृहमंत्री होते. २६ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे २००८ मध्ये त्यांचे पुत्र अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात पिता आणि पुत्र दोघेही मुख्यमंत्री झाल्याचे हे पहिले उदाहरण होय. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आज शंकररावांचे नाव आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सचिवालय आणि मंत्रालय या शब्दांतील अर्थभेद सांगा.
(आ) शून्याधारित अर्थसंकल्प नेहमीच्या अर्थसंकल्पाहून कसा वेगळा असतो?

६.४ सारांश

पैठण येथे जन्मलेल्या शंकरराव चव्हाण यांनी कायद्याचे शिक्षण घेऊन वकिली सुरू केली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी ती सोडली. नांदेडचे नगराध्यक्ष, राज्याचे पाटबंधारे मंत्री, दोन वेळा मुख्यमंत्री आणि केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ व गृह खात्यांचे मंत्री अशी त्यांची कारकीर्द झाली. नियम आणि हिशेब यांवरील निष्ठेमुळे त्यांनी गोदावरीच्या पाण्यावरील हक्क लेखी स्वरूपात सुरक्षित केला आणि राज्याच्या खर्चाला पुराव्याची कसोटी लावली. आणीबाणीत नियमच अन्यायाचे साधन झाला तेव्हा ही निष्ठा त्यांना रोखू शकली नाही. १९९२ मध्ये नियम मोडणाऱ्यापुढे ती अपुरी ठरली. मराठवाड्यातील वाचकाने त्यांच्याविषयी कृतज्ञ राहावे आणि चिकित्सकही राहावे. या दोन वृत्ती परस्परविरोधी नाहीत.

६.५ शब्दार्थ

लवाद : वाद ऐकून निवाडा देण्यासाठी नेमलेले न्यायमंडळ.
समन्यायी : सर्वांना न्याय्य वाटा देणारे.
धारिका : एखाद्या विषयाच्या सरकारी कागदपत्रांचा संच, फाईल.
लाभक्षेत्र : प्रकल्पाच्या पाण्याचा लाभ मिळणारा प्रदेश.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बीड (आ) ६ ऑक्टोबर १९७५ (इ) बीदर
प्रश्न २ : (अ) पाहा ६.३.४ (आ) पाहा ६.३.५

६.७ स्वाध्याय

१. शंकरराव चव्हाण यांच्या पाटबंधारेविषयक कार्याचे गुण आणि मर्यादा यांसह मूल्यमापन करा.
२. कायदेशीर आणि न्याय्य या संकल्पनांतील भेद आणीबाणीच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. उपक्रम : आपल्या गावाला पिण्याचे किंवा शेतीचे पाणी कोणत्या नदीवरून, धरणातून अथवा विहिरीतून मिळते याची माहिती गावातील वडीलधाऱ्यांना विचारून मिळवा. त्या पाण्याच्या वाटपाचा नियम लेखी आहे की प्रथेने चालत आला आहे, हे शोधून दोन पाने टिपण लिहा.